माझ्या मरणाचा दुसरा निरोप

माझ्या मरणाची बातमी गुंजवण्याच्या वरच्या धनगरवाड्यावर पोचली, तो दिवस अगदी साधा होता. भाद्रपदातली उघडझाप चालू होती. मी भोरला माझ्या भाताच्या गिरणीत, इंजिनाशेजारच्या बाकावर बसून कांदा-भाकरी खात होतो. भूक चांगली लागली होती. मेलेल्या माणसाला लागते त्यापेक्षा नक्कीच जास्त.

हसा, हसा! पण हातातला चहा आधी संपवून घ्या. कारण ह्या गोष्टीत मी माझ्याच नावानं ठेवलेलं पान खाल्लं आहे, आणि तेही मिटक्या मारत.

सुरुवातीपासून सांगतो.

संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी ही गिरणी घातली. ती चालायला लागली आणि मला एक खोड जडली. दुसऱ्याच्या नव्या धंद्यात भांडवल घालायची. कोणी नवं काही काढतोय असं कानावर आलं की मला बसवत नसे. भोरात एकानं सोडालेमनचा कारखाना काढला, त्यात मी. एकानं फोटोचं दुकान थाटलं, त्यात मी. सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळ, एकानं भाड्याच्या सायकली ठेवल्या, त्यातही मीच. नारळ फोडायचा, कुंकू लावायचं, पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत तिथं उभं राहायचं. त्यात जी मजा होती ती माझ्या चालत्या गिरणीत उरली नव्हती.

आमची ही म्हणायची, "तुम्ही नुसते बारशाचे पाहुणे. मूल पाळण्यातून उतरून चालायला लागलं की तुम्ही निघालात दुसऱ्याच्या बारशाला."

ह्यात टोमणा होता. आमच्या धाकटीचं बारसं झालं त्या दिवशी मी सारोळ्याला सायकलींना हार घालत होतो.

तर तो कावळा.

पितृपंधरवडा चालू होता. आळीत रोज कोणाच्या तरी घरी वडे-खीर, रोज कोणाच्या तरी कौलांवर पान. कावळे नुसते माजले होते. सकाळी मी परसात पाटावर बसून दाढी करत होतो. तोंडाला साबण, डाव्या हातात आरसा. डोक्यावर काहीतरी गार, टोकदार टेकलं. आरशात बघितलं, तर माझ्या डोक्यावर कावळा!

उडालाही नाही. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी आरशातून त्याच्याकडं बघितलं. कावळ्याच्या डोळ्यांत इतक्या जवळून तुम्ही कधी बघितलंय? बघू नका.

ही मागच्या दारात उभी होती, हातात पाण्याची कळशी. ओरडली नाही, हाकललं नाही. हळूच म्हणाली, "हलू नका."

आपल्या सवडीनं तो उठला आणि गेला.

"डोक्यावर बसला," ही म्हणाली.

"अगं, गावभर खाऊन सुस्तावलाय. बसायला जागा हवी होती त्याला."

"झाडं काय कमी आहेत?"

"माझ्या डोक्यावर केस कमी आहेत. त्याला धोंडा वाटला असेल."

ती हसली नाही. कळशी खाली ठेवून समोर पायरीवर बसली.

तुमच्यापैकी शहरातल्या मंडळींना ही रीत ठाऊक नसेल. कावळा डोक्यावर बसला तर तो मरणाचा सांगावा, असं आमच्याकडं धरतात. त्यावर उतारा असा, की तो माणूस मेला अशी खोटी बातमी लांबच्या आपल्या माणसाला पाठवायची. तो ऐकून रडला, की मरणाला जे हवं ते मिळालं. मग एक-दोन दिवसांनी दुसरा निरोप पाठवायचा, 'माणूस जिवंत आहे, कावळ्याचं होतं.' पहिल्यानं रडवायचं, दुसऱ्यानं हसवायचं. एकच अट. रडणं खरं हवं.

ही विचारात पडली. विचारात म्हणजे, मोठ्यानं.

"भाऊजींना सांगावं का?"

"सांग. तो रडेल."

"रडतील. पण आधी गिरणीची लांबीरुंदी मोजून घेतील. सोडावाला?"

"तो आनंदानं बाटल्या फोडील. माझं भांडवल परत करायचंय त्याला."

"सारोळ्याचा?"

"तो विचारील, मयताला न्यायला सायकली किती लागतील?"

"फोटोवाला तर कॅमेराच घेऊन येईल," ही म्हणाली. "भोंगवलीला आईला सांगायची सोय नाही. ती रडता रडता खरंच जायची."

माझ्या तोंडावरचा साबण वाळून ताणायला लागला होता.

"मग तुमच्यासाठी खरं रडणारं आहे तरी कोण, हो?"

तिनं हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच पत्ता हवा होता.

"धोंडिबा," तीच म्हणाली. "धोंडिबा रडेल."

हा धोंडिबा म्हणजे माझा सगळ्यात नवा धंदा. गुंजवण्याच्या वर, राजगडाच्या कुशीत धनगरांची दहा-बारा घरं आहेत. तिथं दूध भरपूर, पण ते खाली रस्त्याला येईपर्यंत नासायचं. मी म्हटलं, दूध कशाला उतरवता, वरच खवा करा! मोठी कढई आणून दिली, दगडाची भट्टी बांधली, पुण्याचा हलवाई गाठून दिला. धोंडिबा रोज पहाटे खव्याची पाटी डोक्यावर घेऊन खाली फाट्याला यायचा आणि मोटारीवर चढवायचा. उंचापुरा गडी. मिशा अशा, की वाऱ्याच्या दिवशी त्या आधी पोचायच्या आणि मागून तो. मला दादा म्हणे, हिला आक्का. पहिल्या दिवसाचा पहिला खवा त्यानं पुण्याला नाही पाठवला, आक्काला आणून दिला. तेव्हापासून ही त्याला भाऊबीजेला ओवाळायची.

"खबरदार!" मी म्हणालो. "भट्टी आत्ता कुठं धरतेय. त्यात मी मेलो म्हणून बोंब उठली तर हलवाई पळेल. कावळ्यापायी धंदा बुडवू नकोस."

"बरं," ही म्हणाली.

तिचं 'बरं' म्हणजे नक्की काय, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला उमगलेलं नव्हतं. मी दाढी पुरी केली आणि गिरणीत गेलो. इकडं दारावर कासारीण आली. ती नवरात्राच्या आधी बांगड्यांची दुरडी घेऊन वेल्ह्याच्या बाजूला फिरते. हिनं पोरींना बांगड्या भरवल्या, कासारणीला चहा पाजला आणि जाता जाता तिच्यापाशी पहिला निरोप दिला. मी कांदा-भाकरी खात होतो तो हाच दिवस. तिन्हीसांजेच्या आत मी वरच्या वाड्यावर मेलो होतो.

दुसऱ्या दिवशी हिच्या वडिलांचं श्राद्ध होतं, भोंगवलीला. ही पोरांना घेऊन सकाळीच गेली. "पानं वाढायच्या आत येतो," असं मी कबूल केलं होतं. निघालोही होतो! धोतर पांढरंशुभ्र, टोपी नवी. स्टँडवर पुण्याच्या मोटारीचा कंडक्टर भेटला.

"काय गिरणीवाले, तुमचा खवा आज आला न्हाई."

"आला नाही म्हणजे?"

"म्हंजी फाट्याला कुनीच नव्हतं. हलवाई माझ्यावर वरडला."

आता तुम्हीच सांगा, मी काय करावं? भोंगवलीच्या मोटारीत चढताना माझा एक पाय खाली, एक वर. मनात म्हटलं, वर जाऊन बघून येऊ, सासरे काय, ते आता कुठं जातायत! पुण्याच्याच मोटारीनं नसरापूरला उतरलो, वेल्ह्याकडं निघालेल्या मालट्रकात ड्रायव्हरशेजारी बसलो आणि गुंजवण्याच्या फाट्याला उतरून चालू लागलो.

धुकं असं, की राजगड नव्हताच. डोंगराच्या जागी नुसतं पांढरं.

गुंजवण्यात माझ्या ओळखीचे गणपत तात्या त्यांच्या पडवीत दोरी वळत बसले होते. मी नेहमीसारखा हात वर केला. "राम राम, तात्या!"

तात्यांनी मान वर केली. हातातली दोरी तशीच राहिली. मग ते माझ्याकडं पाठ न करता, मागं मागं सरकत घरात गेले. दाराला आतून कडी लागली.

मी म्हटलं, म्हाताऱ्याचं काही बिनसलं असेल.

गावाबाहेर भातखाचरांत बाया तणाची बेणणी करत होत्या. लांबून गाणं ऐकू येत होतं. मी बांधावर चढलो आणि गाणं मधेच थांबलं. सगळ्या बाया एकदम उभ्या राहिल्या आणि एकदम पाठमोऱ्या झाल्या. एकीनं पदर तोंडावर घेतला. दुसरी पुटपुटली, "बघू नगंस. बघितलं तर मागं येतंय." मी वळून पाहिलं. माझ्या मागं कोणी नव्हतं. पुढंही कोणी नव्हतं. मग नक्की काय मागं येतंय? मी चालायचा वेग वाढवला. आणि गंमत बघा, जितका मी घाईनं चालतो तितकं धुकं दाट होतंय.

चढण लागली. वाड्याचे कुत्रे मला ओळखतात, नेहमी अर्ध्या वाटेवर शेपट्या हलवत येतात. आज एक आला, थांबला, मान वर केली आणि असा लांब सूर काढला, की मी तिथंच खाली बसलो. चिखलानं पाय गुडघ्यापर्यंत माखले होते. वहाणा हातात.

तेवढ्यात वरून, धुक्यातून, आवाज आला.

"दादा! भट्टीला खंड पडू देनार न्हाई!"

धोंडिबाचा आवाज! मी ओ देणार, तोच पुन्हा, हुंदका गिळल्यासारखा,

"दादा! आक्काला अंतर देनार न्हाई!"

मग परत,

"दादा! त्या सोडावाल्याला बी म्या बगून घीन! आता तरी या!"

मी पडलो व्यवहारी माणूस. माझा विचार असा, की खवा चुकला म्हणून बिचारा पस्तावलाय, आणि कंडक्टरकडून मी येतोय हे त्याला आधीच कळलंय. कसं कळलं? तेवढा विचार मी केला नाही. मी खोकलो. वरचा आवाज बंद झाला.

वाड्याच्या अलीकडं एक सपाट शिळा आहे. मी गेलो की धोंडिबा आणि मी तिथंच बसून खायचो. शिळेवर पळसाचं पान मांडलेलं होतं. ताजा भात, वर दही. बाजूला खव्याचा मोठा गोळा. पितळेची डबी, आत तपकीर. पेल्यात चहा, निवलेला. सगळं माझ्या आवडीचं! मला भरून आलं. मी स्वतःशी म्हटलं, ह्याला म्हणतात भागीदार! सोडावाल्यानं कधी पाणीसुद्धा विचारलं नाही.

जवळच्या हिरड्याच्या झाडावर एक कावळा बसला होता. पानाकडं बघायचा, उतरायचा मात्र नाही. तोच की काय, असं मनात येऊन गेलं. पण कावळे सगळे सारखेच दिसतात. मी त्याला "हड्!" केलं, वहाणा बाजूला ठेवल्या, मांडी घातली आणि जेवायला बसलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भात संपवला. खवा संपवला. बोटं चाटली. निवलेला चहासुद्धा प्यालो. मग तपकिरीची चिमूट ओढली आणि दरी घुमेल अशी शिंक दिली.

त्याबरोबर दगडांमागून किंकाळी उठली!

मी दचकून वर पाहिलं. धुक्यातून एक माणूस उभा राहिला. अंगावर पांढरं, डोकं तुळतुळीत, ओठाच्या वर गुळगुळीत. आणि त्या भलत्याच तोंडातून धोंडिबाचा आवाज आला, "दादा! जेवलात? निवला जीव?"

मिशी नसलेला धोंडिबा तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून तुम्हाला हसू येतंय. मला वाटलं, धोंडिबा गेला! म्हणूनच खवा आला नाही! म्हणूनच तात्यांनी दार लावलं, म्हणूनच कुत्रं रडलं! मेलेला धोंडिबा माझ्यापुढं उभा राहून माझ्या जेवणाची चौकशी करतोय!

मी पळालो. तोही पळाला. मी खालच्या अंगाला, तो वरच्या. धुक्यात वाट कुणाला दिसतेय? मी गोल फिरून थेट वाड्याच्या मागं, शेणाच्या उकिरड्यात जाऊन पडलो, गळ्यापर्यंत. तिथून डोकं बाहेर काढलं, तर समोर सगळा वाडा. बाया, बापे, आणि पुढं धोंडिबाची आई. तिला सगळे बय म्हणतात. हातात तिनं कोयता धरला होता.

"हलू नगंस," बय म्हणाली. दोन दिवसांत हे मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं होतं. "कोन हायस?"

"अगं बय, मी! भोरचा गिरणीवाला!"

"त्यो तर मेला."

"कोण म्हणतं?"

"त्याच्या घरनं सांगावा आलाय. धोंड्या, पाय बघ रं, उलटं हायती का."

"शेनात हायती, बय. दिसत न्हाईत."

"सावली बघ."

"धुक्यात कुनाचीच न्हाई. तुजी बी न्हाई."

बयनं स्वतःच्या पायाशी बघितलं. खरंच नव्हती. मग ती दोन पावलं मागं सरकली. मागची एक बाई म्हणाली, "इचारा की त्याला कायतरी. भूत असंल तर खोटं बोलंल."

पण त्यांनी विचारायच्या आत माझी नजर बाजूला गेली होती. भट्टी विझलेली. कढई पालथी. शेजारी दुधाची भांडी ओळीनं, सगळी फाटलेली. आंबूस वास सुटलेला. माझा तोल गेला. शेणातूनच मी ओरडलो,

"अरे, भट्टी का विझवली? एवढं दूध नासलं! पुण्याच्या हलवायाला काय तोंड दाखवू मी?"

बयनं कोयता खाली केला.

"जित्ता हाय," ती म्हणाली. "काडा त्याला भाईर."

"कशावरनं गं, बय?"

"मेलेलं मानूस घरचं इचारतंय. बायकापोरं कशी हायती, कोन रडलं, कोन न्हाई. ह्यो भट्टीचं इचारतोय. जित्ताच हाय मेला!"

मला बाहेर काढलं, पाण्याचे हंडे ओतले. मग कासारणीचं सगळं बाहेर आलं. धोंडिबाला सुतक नव्हतं, नात्यातला नव्हे ना मी. पण त्यानं भट्टी विझवली, डोकं केलं आणि मिशी उतरवली. पंधरवडा चालूच आहे तर थांबायचं कशाला, म्हणून माझ्या नावानं पान ठेवलं. कावळा काही शिवेना. माझी काय काय इच्छा राहिली असेल ते आठवून आठवून तो सकाळपासून ओरडत होता.

"कावळा शिवंना म्हनून आमी दगडामागं बसून घसं कोरडं केलं," बय म्हणाली, "आन् शिवला कोन? खुद्द मयत! शितबी ठिवलं न्हाई!"

सगळा वाडा हसला. धोंडिबा तेवढा हसत नव्हता. तो माझ्या समोर उकिडवा बसला होता आणि ओठाच्या वरच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवत होता.

"धोंडिबा, अरे मिशी कशाला काढायची?"

"तुमी मेला म्हनल्यावर काय करू मंग? ठिवू?"

मी ओली टोपी पिळत बसलो.

दिवेलागणीला घरी पोचलो. ही भोंगवलीहून परत आली होती. माझ्या अंगावर धोंडिबाचं धोतर, केसांत शेण.

"कुठं होतात? आई सगळ्यांना विचारत होती, जावई कुठं, जावई कुठं."

"मेलो होतो," मी म्हणालो.

तिला सगळं कळलं. मला वाटलं, चिडेल, नाहीतर घाबरेल. तिनं फक्त विचारलं, "रडला का?"

"मिशी काढली त्यानं."

ही तिथंच उंबऱ्यावर बसली. पदर डोळ्यांना लावला आणि त्यातच हसायला लागली, थांबेचना. "मग मिटलं," म्हणाली. "खरं रडलं कोणीतरी." आणि एकदम हसणं थांबवून माझ्याकडं बघितलं. "पण तुम्ही स्वतः कशाला गेलात? दुसरा निरोप जायचा होता."

"मी जिवंत जाऊन उभा राहिलो त्यांच्यापुढं! पान खाल्लं! आणखी निरोप कशाला?"

"माणूस दिसला म्हणजे निरोप पोचला असं नव्हे. घरातून जायला हवा. पहिला घरातून गेलाय ना? दुसरा गेला नाही तर पहिला तसाच राहतो. दार लोटायचं राहिल्यासारखा."

"बरं, पाठव उद्या."

"मी नाही. माझं ऐकलं नाहीत, आता तुम्हीच पाठवा. गिरणीत त्या बाजूचा कोणी आला की एवढंच सांगायचं, घरनं निरोप आहे, माणूस जिवंत आहे, कावळ्याचं होतं."

मी हो म्हणालो. पण गिरणीत चार माणसांसमोर, 'मी जिवंत आहे असं वर सांगा बरं का,' हे म्हणायचं कसं? लाज वाटायची. पुढं विसरायला झालं. भट्टी पुन्हा पेटली, हलवाई टिकला, धोंडिबाच्या मिशा परत आल्या. मी मात्र कधीही वर गेलो की बय आधी माझ्या पायांकडं बघायची. "घरनं अजून सांगावा आला न्हाई," म्हणायची. पोरंसोरं फिदीफिदी हसायची. ही सुद्धा अधूनमधून, जेवण वाढताना विचारायची, "निरोप धाडलात?" "उद्या," मी म्हणायचो. आमच्या घरातली ती एक नेहमीची थट्टाच होऊन बसली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या अलीकडं ही गेली. तापाचं निमित्त झालं. मी त्या वेळी गावातच होतो, एवढं बरं.

ती गेल्याचा निरोप धोंडिबाला धाडला, मालट्रकवाल्याबरोबर. आला नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याचा कंडक्टर म्हणाला, खवा नेहमीसारखा आला. मला वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो, तर तो रस्त्यानं येताना दिसला. मिशा तशाच, वाऱ्यावर. हातात पळसाच्या पानात बांधलेला खवा. लांबूनच हसत हाका मारत होता.

"आक्का! ए आक्का! औंदा कुनाच्या डोक्यावर बसला गं कावळा?"

धाकटी दारात आली. त्यानं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या मागं, आतल्या कोपऱ्यात, जमिनीवर तेवत असलेल्या दिव्याकडं. मग माझ्याकडं.

तो ओट्याच्या कडेला टेकला. पानातला खवा मांडीवर.

"म्या दुसऱ्या सांगाव्याची वाट बघितली, दादा," तो म्हणाला. "यील म्हनून म्या रडलो न्हाई."

मग तो रडला. मी शेजारी बसून ऐकत राहिलो. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी माझ्या मनात आलं, आता रडणं झालं, खरं झालं, आता उद्या दुसरा निरोप पाठवायला हरकत नाही.

बय अजून आहे. परवा वर गेलो होतो. डोळ्यांनी आता तिला दिसत नाही, म्हणून तिनं हात लावून माझे पाय चाचपले आणि घरच्या सांगाव्याचं तेच विचारलं. मी म्हणालो, पाठवतो. रीतीनं पाहिलं तर त्या वाड्यावर मी इतकी वर्षं मेलेलाच आहे, आणि खवा मात्र रोज वेळेवर पुण्याला जातो आहे.

तो निरोप पाठवायचा राहिला.